डब्यात उरलेला शिक्का

६ मार्च, सानदाल बेट

तेसोप,

जेवलास का?

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. दुसरं कारण असं की आता फोनसुद्धा तुमच्या कंपनीच्याच तारेवरून जातो, आणि तुमच्या तारेची तक्रार तुमच्याच तारेवरून करायची म्हणजे चोराकडेच चोरीची फिर्याद. चोर हा शब्द मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाई गेल्यावर तुझं डोकं मी धुवायचे, तेव्हा याहून वाईट बोलायचे आणि तू मुकाट ऐकून घ्यायचास. वहिनीचं तोंड फटकळ आहे हे तुला नव्यानं सांगायला नको.

इकडे बरं आहे. शेवाळ भरपूर आलंय, ते खाऊन खाऊन पिंजऱ्यातले जोनबोक माजलेत. एकेक शिंपला तळहाताएवढा झालाय. गोपदान आजी ऐंशी उलटली तरी पाण्यात उतरते आणि वर येऊन सगळ्यांना शिव्या घालते. माझं सरपंचपण चाललंय. रोज सकाळी सहाला भोंग्यावरून दवंडी देते. 'आ, आ, सरपंच बोलतेय.' मग बोट येणार की नाही, कुणाचा दोर सुटलाय, कुणाला किमची घालायला हात हवेत. तू लावून दिलेल्या जुगाडामुळे हीच दवंडी इंटरनेटवरून सोल-बुसानला गेलेल्या आपल्या माणसांनाही ऐकू जाते. जायची, असं म्हणायला हवं.

तू कंपनीची फुकट तार आणलीस तेव्हापासून टेकडीवरची आपली इंटरनेटची छत्री बंद आहे. फुकट मिळतंय तर छत्रीचा खर्च कशाला, असं तूच म्हणालास आणि आम्हालाही पटलं. फुकट ते पौष्टिक. वर्षभर वापरून बघा, नाही आवडलं तर सगळ्यांनी मिळून लिहून द्या, तार काढून नेऊ, असंही म्हणालास.

आता हेरानचं ऐक. पार्कांची सून, होडीवर उभी राहून फोनसमोर गावाचे जोनबोक विकते ती. छत्री होती तोवर तिकडे सोलमध्ये बायका स्वयंपाकघरात बसून बघायच्या. ही पिंजरा वर काढायची आणि त्या म्हणायच्या, 'तो नको, त्याच्या शेजारचा दे, तो बघ कसा चिकटून बसलाय.' समोर निवडलेला शिंपला समोरच डब्यात जायचा. आता ही हात पुढे करते आणि चित्र थिजतं. परत हलतं तोवर शिंपला डब्यात गेलेला असतो. परवा एक बाई तिला म्हणाली, 'चित्र थांबवून मेलेला माल भरतेस होय गं?' हेरान त्या रात्री जेवली नाही. आणि गंमत बघ, तुमच्या कंपनीचा तो 'समुद्र बाजार' त्याच फोनवर, त्याच होडीवर अगदी सुरळीत चालतो.

बिघाड असेल. समुद्राखालून तार येते, काहीही होऊ शकतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपला तेसोप तिथं आहे, काळजी करू नका. तू बघशील ना?

तुझी वहिनी,
पिलसुन


२२ एप्रिल, सानदाल

तेसोप,

जेवत असशील वेळेवर, असं धरून चालते.

लाल जिनसेंगचा डबा पोचला. महागाचा दिसतोय. त्यात तुझी चिठ्ठी आणि कंपनीचं छापील पान. पानाची सुरुवात 'प्रिय ग्राहक'. मी ते गोपदान आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'याचं ढुंगण धुतलंय मी, आणि मी याची ग्राहक?' पुढचं काही मी लिहीत नाही, टपालवाला लाजेल.

पानावरचं मला कळलं ते असं. बिघाड काही नाही. रांगा दोन आहेत, एक जलद आणि एक साधी. 'समुद्र बाजार' जलद रांगेत, कारण तो कंपनीचा. आमचं इंटरनेटवरचं विक्रीचं पान साध्या रांगेत. जलद रांगेत यायचं तर कंपनीला वाटेचे वेगळे पैसे द्यायचे. नाहीतर आपलं पान बंद करून जोनबोक 'समुद्र बाजार'वर ठेवायचे, म्हणजे भाव त्यांचा आणि मधला वाटाही त्यांचा. त्यावर तुझी चिठ्ठी, 'वहिनी, हमरस्त्यावर टोल असतोच ना.'

असतो. पण टोलनाकेवाला पुढच्या वळणावर स्वतःचं मासळीचं दुकान टाकत नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीतली मासळी नासेपर्यंत तिला नाक्यावर उभी करत नाही. बघणाऱ्या बाईनं तिच्या घरच्या तारेचे पैसे भरलेत. तिला जे बघायचंय ते तिला दिसू दे, एवढंच आम्ही म्हणतोय. यात टोल कुठून आला?

तुला आठवतंय का, हे तूच आम्हाला शिकवलंस. त्या वेळी कुठलीच कंपनी तार टाकायला तयार नव्हती, म्हणे बेटावर माणसं किती, परवडत नाही. तू कॉलेजातून आलास, तुझ्या थोरल्या भावाला, तेग्युनला, आणि त्याच्या मित्रांना हाताशी धरून टेकडीवर छत्री चढवलीस आणि तिच्या समोर किनाऱ्यावरच्या पर्सिमनच्या बागेत तिची जोडीदार उभी केलीस. तेव्हा मा साहेब तुझ्याकडे आले होते. बेटावर सगळ्यात जास्त पिंजरे त्यांचे. म्हणाले, 'मी जास्त पैसे घालतो, माझं आधी जाऊ दे.' तू मिसरूड फुटलेला पोरगा. त्यांना म्हणालास, 'लाट मोठ्या होडीला आधी उचलते का, ते विचारून या, मग बोलू.' तेग्युनला घाम फुटला होता. मी मात्र आत जाऊन हसले. मग तू छत्री-मंडळाच्या खोलीत खडूनं लिहिलंस, 'या छत्रीतून जे जाईल ते सारख्याच वेगानं जाईल, मग ते कुणाचंही असो.' पुढे त्यावर तेग्युननं रंग दिला. अजून आहे ते. मी परवा पुसायला फडकं घेतलं आणि नुसती धूळ झटकून आले.

दवंडी ऐकणारे इंटरनेटवर किती आहेत ते मला दिसतं, तूच दाखवलं होतंस. अडखळत येते म्हणून एकेक जण सोडून गेला. आता एकच उरलाय. सोलमधला कुणीतरी. रोज सहाला हजर असतो बिचारा.

पिलसुन


११ जून, सानदाल

तेसोप,

हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. आधी तुला लिहितेय.

हेरान चेष्टेनं म्हणायची, 'ताई, या तारेला माझा वास येतो. मी होडीवर चढले की हिला कळतं.' आम्ही हसायचो. मग मी लक्ष ठेवायला लागले, आणि हसू बंद झालं. पोरगी खरं बोलत होती. साधी रांग हळू असते हे खरं, पण ती रोज इतकी अडत नाही. उधाणाच्या दिवसांत मी धक्क्यावर उभी राहून रिकामी होडी दाखवत बसले, तर चित्र बऱ्यापैकी चाललं. अडतं ते भांगाच्या दिवसांत, आणि तेही सकाळी.

तुला काय सांगायचं, तू इथलाच. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला इतकी ओढ असते की पिंजऱ्याला हात लावता येत नाही. चंद्र अर्धा झाला, भांग आला, पाणी सुस्तावलं की आपण पिंजरे वर काढतो. म्हणजे हेरानची विक्री तेव्हाच. पुढच्या महिन्यात ते दिवस सरकतात, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी सरकतात. आणि तारेचं अडणंही बरोबर त्यांच्या मागोमाग सरकतं. मी आधी समुद्रावरच आळ घेतला. पाण्याखालची तार आहे, भांगाला काहीतरी होत असेल. मूर्ख म्हण मला.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडचे इंजिनिअर कू आले होते तपासणीला. पन्नाशीचा गृहस्थ, बोटीवर ओकून ओकून अर्धा झालेला. मी त्यांना घरी आणून जेवू घातलं. सहज विचारलं, 'साहेब, त्या सकाळी नेमकं काय होतं?'

'देखभालीचं काम असतं, बाई. वर्षभराचं आधीच ठरलेलं आहे.'

'वर्षभराचं? आणि ते दर वेळी भांगालाच येतं?'

'भांग म्हणजे काय?' ते म्हणाले. तोंडात चमचा तसाच. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. मग त्यांनाच आठवलं आणि ते कौतुकानं सांगायला लागले, 'वेळापत्रक आमच्या मॅनेजर मुन साहेबांनी करून दिलं. मीटिंगमध्ये बोटांच्या पेरांवर मोजून तारखा सांगत होते. आम्हाला मोठी मजा वाटली. ते इथलेच ना?'

मी म्हटलं, हो, इथलेच. आणि त्यांना आणखी भात वाढला.

पेरांवर भांग मोजायला तुला कुणी शिकवलं? धक्क्यावर तुला मांडीवर घेऊन, तुझी करंगळी धरून, 'हा पहिला, हा दुसरा, इथे पाणी झोपतं.' मी जाळं विणत शेजारी बसले होते. तेग्युनचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या सोलच्या इमारतीत दुसऱ्या कुणाला भांग माहीत नाही, तेसोप. कंपनीला आमचं पान दाबायचं होतं तर ते तिनं आंधळेपणानं दाबलं असतं, आम्ही कसंतरी तगलो असतो. नेमकी नस कुठं आहे हे दाखवायला घरचाच माणूस लागतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मला फार लागलंय. रागावले आहेच, पण त्याच्यापेक्षा लागलंय जास्त. तू फक्त एवढं कळव की कू चुकीचं सांगत होते. मी लगेच विश्वास ठेवीन. दुसरं काही विचारणार नाही.

वहिनी


१९ जुलै, सानदाल

मॅनेजर मुन साहेब यांस,

आपलं उत्तर आलं नाही, पण आपली माणसं आली. शिडी आणि पाने घेऊन. म्हणाली, टेकडीवरची छत्री उतरवून न्यायची आहे, गावानं लिहून दिलंय. मी म्हटलं, कुठल्या गावानं? तर त्यांनी कागदच काढला. त्यावर सगळ्या गावाचे शिक्के. माझाही. 'छत्री कायमची बंद करू, दुसरी कुठलीही तार बेटावर आणणार नाही.'

तो कागद मी जन्मात पाहिला नव्हता. पण शिक्के कधी पडले ते मला बरोबर आठवलं.

साहेब विसरले असतील म्हणून सांगते. या बेटावर कागद येतो तेव्हा माणूस समुद्रावर असतो. म्हणून प्रत्येकाच्या नावाचा लाकडी शिक्का सरपंचाच्या घरी बिस्किटांच्या डब्यात असतो आणि सरपंच तो ज्याच्या त्याच्या वतीनं मारतो. माझ्या आधीच्या सरपंचानं मारले, त्याच्या आधीच्यानं मारले, कधी कुणाचं वाकडं झालं नाही. त्या दिवशी साहेब घरी आले होते. मी त्यांच्यासाठी जोनबोकची पेज ढवळत होते, कारण लहानपणापासून साहेबांना तीच आवडते. साहेब म्हणाले, 'वहिनी, तू ढवळ, नाहीतर खाली लागेल. डबा दे इकडे, मी मारतो शिक्के. फुकट तारेचा साधा अर्ज आहे.' मी डबा दिला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कागद दोन होते हे मला आता कळतंय. पेज खाली लागली नाही, फार छान झाली होती. साहेबांनी दोनदा घेतली.

छत्री अजून जागेवर आहे. गोपदान आजी टोपली घेऊन तिच्या खाली जाऊन बसली आणि कंपनीच्या माणसांना म्हणाली, 'मला आधी उतरवा, मग हिला.' त्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग बोटीची वेळ झाली म्हणून गेली. पुन्हा येऊ म्हणालीत.

त्या संध्याकाळी मी भोंग्यावरून सगळं सांगितलं. भांगाचं, पेरांचं, दोन कागदांचं. इतके दिवस गप्प का राहिले तेही सांगितलं, की मला वाटत होतं माझा दीर उत्तर लिहील. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन घरोघर गेले आणि ज्याचा त्याचा शिक्का ज्याच्या त्याच्या हातात दिला. लोक घेईनात. म्हणाले, 'आता आमच्या कागदांवर कोण मारणार?' म्हटलं, आपापला वाचून आपणच मारायचा.

तेग्युनचं श्राद्ध झालं. दर वर्षीसारखा भात, सूप, वाळवलेला मासा, तांदळाची दारू. आपण फोनवरून हजर होतात म्हणे. आपलं चित्र वाकून नमस्कार करताना मधेच थिजलं आणि तसंच राहिलं. गोपदान आजी म्हणाली, 'बरंय, निदान वाकलेला तरी दिसतोय.' मी हसले नाही. आम्हीही साध्याच रांगेत ना.

सरपंच,
सानदाल


९ सप्टेंबर, सानदाल

तेसोप,

'साहेब', 'आपण' लिहून मलाच त्रास झाला. ते राहू दे.

तू फोन केलास ते बरं केलंस. तू जे म्हणालास ते मी नीट ऐकलं, आणि गावाला जसंच्या तसं सांगितलेलं नाही, काळजी करू नकोस. पण तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी काही चुकीचं ऐकलं असेल तर कळेल. तू म्हणालास, 'वहिनी, मी नाही केलं तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं.' भांगाचं दुसऱ्या कुणी कसं केलं असतं, हे मी विचारल्यावर तू विषय बदललास. मग म्हणालास, बढती होती, लेकीची शाळा आहे, सोलमध्ये घर म्हणजे काय असतं ते तुम्हा लोकांना कळायचं नाही. तुम्हा लोकांना. बरं.

मी तुला लालची म्हणणार नाही. तू अनवाणी शाळेत गेलेला पोरगा आहेस, वर चढावंसं वाटणं यात काही पाप नाही. पण वर चढताना पाय आमच्या खांद्यावर ठेवला असतास तर मी स्वतः वाकले असते. तू गळ्यावर ठेवलास.

आता कामाचं. चुसोकचा सण झाला की पंधरवड्यात तुझं ते 'वापरून बघा'चं वर्ष संपतं. त्याआधी तार नको म्हणून लिहून दिलं तर पहिला कागद रद्द होतो आणि त्याच्यासोबत छत्रीचा कागदही. मी किनाऱ्यावर जाऊन वकिलाला दाखवून आले. एकच अट आहे, छत्री-मंडळाच्या सगळ्या सभासदांचे शिक्के हवेत, एकही कमी चालत नाही. ही अट घालणाऱ्याला माहीत होतं की मंडळाचा एक सभासद सोलमध्ये कंपनीत बसतो. पहिला सभासद. छत्री ज्यानं चढवली तो. ती अट तूच घातलीस की नाही, हे मला विचारायचं नाही.

बाकी सगळ्यांनी मारले. मा साहेबांनी सुद्धा. आणि ते मारणार नाहीत असं अर्ध्या गावाला वाटत होतं, कारण 'समुद्र बाजार'नं त्यांना वेगळा भाव देऊ केलाय. हेराननं मारला. तिचा नवरा सांगत होता, चुसोकची विक्री बुडाली तर हे दोघं परत शहरात जाणार, पोराला घेऊन. सामान बांधायची भाषा सुरू झाली आहे घरात. छत्री आली तर राहतील, असं ती म्हणाली.

डब्यात आता एकच शिक्का आहे. तुझा. तू कॉलेजला निघालास तेव्हा तेग्युननं वीज पडलेल्या बोरीच्या लाकडाचा करून आणला होता, शुभ असतो म्हणून. हा शिक्का कुणाचं वाईट करणार नाही, असं म्हणाला होता तो. तेव्हा माझ्या अंगावर कपडे जुने होते आणि तो शिक्क्यासाठी कर्ज काढून आला म्हणून मी त्याच्याशी भांडले होते.

तू ये. सकाळच्या बोटीनं ये, शिक्का मार, दुपारच्या बोटीनं परत जा. कुणी तुला काही बोलणार नाही, मी भोंग्यावरून बजावून ठेवीन. गोपदान आजी बोलेल, तिला कुणाचाच इलाज नाही. नोकरीवर येईल म्हणालास. येऊ शकते. ते मला कळत नाही असं नाही. पण गावावर आलंय ते तू आणलंयस आणि तुझ्याच हातानं फिरवता येण्यासारखं आहे. असं दर वेळी नसतं, तेसोप. बऱ्याच गोष्टी फिरवता येत नाहीत.

पेज करून ठेवते.

वहिनी


१५ ऑक्टोबर, सानदाल

तेसोप,

तू आला नाहीस.

चुसोकच्या सकाळी मी धक्क्यावर होते. त्या दिवशी बोटी भरून येतात, सगळे आपापल्या घरी. मी प्रत्येक बोटीच्या वेळी गेले. तिसऱ्या बोटीला मा साहेब शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, 'चला बाई, वारा लागेल.' मी म्हटलं, अजून एक आहे. तेही थांबले.

मग सभा झाली. गोपदान आजीनं सरळ सांगितलं, 'डब्यात आहे ना त्याचा शिक्का? मार. त्यानं नाही मारले आपले?' बरेच जण हो म्हणाले. हेरान माझ्याकडे बघत होती. मी डबा समोरच ठेवला होता, झाकण उघडून. शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो. छत्री सुटली असती, हेरान राहिली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, नाही. दुसऱ्याच्या हातानं शिक्के मारूनच आपण इथवर आलो. त्याचा तो मारेल नाहीतर राहील.

मग उरलेली एकच वाट. मंडळाचे नियम तूच लिहिलेस, त्यात आहे. सभासद काढायचा तर सभेत दोन तृतीयांश हात वर हवेत, आणि ठराव सरपंचानं मांडायचा. मी मांडला. तुझं नाव मी वाचलं, मुन तेसोप, मुन तेग्युनचा धाकटा भाऊ. पहिला हात माझा होता. माझा खाली राहिला असता तर बाकीच्यांचा वर आला नसता, ते मला माहीत होतं.

सगळ्यात शेवटी मा साहेबांचा. ते म्हणाले, 'या पोरानं मला चारचौघांत लाटेला विचारून यायला सांगितलं होतं. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, बरोबर बोलला होता. त्याला काढायचं मला जड जातंय.' मग भिंतीवरच्या तुझ्या त्या रंगवलेल्या ओळीकडे बघितलं आणि हात वर केला.

तू आता मंडळाचा नाहीस. सगळ्या सभासदांचे शिक्के पूर्ण भरले. कागद दिला. तुमची माणसं आली आणि या वेळी तार काढून घेऊन गेली. इंजिनिअर कू होते त्यांच्यात. जाताना छत्रीच्या खांबाचा एक सैल झालेला बोल्ट त्यांनी आपल्या हातानं आवळून दिला.

छत्री चालू झाली. समोरच्या बागेतली तिची जोडीदार पर्सिमनच्या फांद्यांनी झाकली गेली होती, मा साहेबांचा मुलगा जाऊन फांद्या तोडून आला. चुसोक हातचा गेला, ती विक्री काही परत येत नाही. पण गेल्या भांगाला हेराननं पिंजरा वर काढला तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांतल्या चार बायका आल्या. एक म्हणाली, 'तो नको, शेजारचा दे.' हेरान रडायलाच लागली, आणि चित्र थिजलं नाही, म्हणून ते रडणं सगळ्यांना दिसलं. बांधलेलं सामान परत सोडलंय त्यांनी. सध्या तरी.

सोबत तुझा शिक्का पाठवतेय, तेग्युनच्या रुमालात बांधून. गावाला आता तो लागत नाही आणि माझ्या डब्यात तो एकटाच खुळखुळतो. तू तुझ्याकडे ठेव. श्राद्धाला यायचं असेल तर ये, ते घरचं आहे, त्यात मंडळाचा संबंध नाही. यायचं तर बोटीनं ये. फोनवरून मात्र नको.

आता दवंडीचं. अख्खं वर्षभर सगळे सोडून गेले तरी सोलमधला तो एक जण रोज सहाला ऐकत राहिला. तो तू आहेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून मी 'बोट वेळेवर आहे' हे रोज दोनदा सांगायचे. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

तू ऐकतोस हे सभेत निघालं तेव्हा एकानं विचारलं, 'त्याची दवंडी तोडता येते का? मंडळातून गेला, मग फुकट कशाला ऐकायचं?' दुसरा म्हणाला, तोडू नका, नुसती हळू करा, त्याला कळू दे कसं वाटतं ते. लोक हसले. मी त्यांना भिंतीवरची ओळ वाचून दाखवली. कुणाचंही असो, असं लिहिलंय. लिहिलं कुणी, याचा संबंध नाही.

तेव्हा तुला ऐकू येईल. आता अडखळणार नाही. सकाळी सहाला.

पिलसुन